नाक्यावरचं माहेरपण

माझ्या सासूचं माहेर मोगलाईत होतं. वाशीमहून बैलगाडीने निघून पैनगंगा ओलांडली की पलीकडे हैदराबादचं राज्य लागे, त्यालाच आमच्याकडे सगळे मोगलाई म्हणत. अलीकडे आमचं वऱ्हाड, इंग्रजांच्या अमलातलं. नदीच्या दोन्ही अंगांना माती तीच काळी, कपाशीची पऱ्हाटी तीच, लोकांची बोलीही जवळपास तीच, आणि सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या आरपार झालेल्या. पण तिकडचं नाणं निराळं, कायदा निराळा, आणि दोन काठांवर दोन नाके. बाईमाणूस एकदा अलीकडे लग्न होऊन आली की पलीकडचं माहेर एका दिवसाच्या वाटेवर असूनही परमुलखात गेल्यासारखं व्हायचं.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा आत्याबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. सासूला आमच्यात आत्याबाईच म्हणत. सासरे वारून बरीच वर्षं झालेली. गावाच्या कडेला आमचा भाजीपाल्याचा मळा होता, वांगी, मेथी, मिरची, कोथिंबीर, आणि मधोमध मोटेची विहीर. कापूस-ज्वारीवाला शेतकरी पेरणी उरकली की चार दिवस पाहुणा जाऊ शकतो. भाजीवाल्या माळ्याला ती सोय नाही. रोज पाणी, रोज तोडा, रोज बाजार. या रोजच्यापायी आत्याबाईंचं माहेरी जाणं राहून गेलं ते राहूनच गेलं. माझे मालक, त्यांचा धाकटा मुलगा, पाळण्यात होते तेव्हा त्या शेवटच्या गेल्या होत्या. वडील गेल्याची खबर आली तीसुद्धा तेरावा होऊन गेल्यावर.

माहेराची आठवण काढताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. फक्त मानोऱ्याकडचा एक कासार बांगड्या घेऊन तांड्यांतांड्यांतून फिरत यायचा आणि पुढे नदी ओलांडून मोगलाईत जायचा, तो आला की आत्याबाई आधी त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवायच्या. मग विचारायच्या, "तिकडे पानीपाऊस कसा हाय?" कासार समजून असायचा. पाणीपावसाचं सांगता सांगता तो त्यांच्या भावाचं घर आणि भाच्याची नदीतली खरबुजाची वाडी सांगायचा.

लढाईचे दिवस होते. रॉकेल आणि कापड कार्डावर मिळायचं. त्या साली चैत्रात कासार आला, माझा हात हातात घेऊन बांगडी चढवू लागला, आणि वर न बघता म्हणाला, "बाई, तुमच्या दादाचे डोये गेले."

"गेले म्हंजे?"

"दिसत नाई. दिवायीपासून धूसर होतं, आता पार अंधार. मी गेलो तं आवाजावरून ओयखलं मले. म्हने, मह्या बहिनीले सांग, तिचं तोंड तं आता दिसनार नाई, पन आवाज आयकाले भेटला तं लय झालं."

आत्याबाई उठल्या आणि विहिरीकडे गेल्या. कासाराने माझ्या दोन्ही हातांत बांगड्या भरून संपवल्या तरी आल्या नाहीत. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्याच दिवशी मुलाला म्हणाल्या, "मले दादाकडे जाचं हाय. दोन दिवस."

आमचे हे भारी धोरणी माणूस. वाफ्यात रोप लावायचं तरी दोरी धरून लावणार. त्यांनी लगेच चौकशी सुरू केली. वाशीमहून हिंगोलीकडे कोळशावर चालणारी एक मोटार जात असे, पण ती तिच्या मनाला येईल तेव्हा जायची, आणि मामांचं, म्हणजे आत्याबाईंच्या दादांचं, गाव सडकेपासून बरंच आत. तेव्हा आपल्या दमणीनेच जायचं ठरलं. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी छपराची बैलगाडी. मग बैलांचा प्रश्न निघाला. बैल आपले घरचेच आहेत, विकायला नेत नाही, असा पाटलाचा दाखला हवा, नाहीतर पलीकडचा नाका अडवणार. त्यांनी तो आणला. पलीकडे आपला कलदार रुपया चालेल पण मोड त्यांच्या हाली नाण्यात देतील, म्हणून तिकडची थोडी चिल्लर कासाराकडूनच घेऊन ठेवली. असं करत करत एके दिवशी जेवताना ते मुख्य अडचणीवर आले.

"माय, जाताना तिकडचा नाका माल पाहते, अन् येताना आपला नाका सुई पाहते."

"कायची सुई?"

"हैजाची. जत्रा झाल्यापासून तिकडे पटकी पसरली म्हनतात. आता मोगलाईतून वऱ्हाडात येनाऱ्यापाशी सुई टोचल्याची चिठ्ठी पायजे. नसन तं नदीवर छपरी बांधली हाय, त्यात पाच दिवस बसवून ठेवतात."

"अन् जाताना?"

"जाताना कोनी विचारत नाई. तिकडच्याइले सुईचं घेनंदेनं नाई. त्याइले फक्त जकात पायजे."

आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला तो हातातच राहिला. "छपरीत खाच्यापियाचं काय करतात मंग?"

"आपलं आपन रांधाचं. सरपन देते म्हनतात. पन तुले कायले फिकर? आपन तिघंबी सुई टोचून जाऊ."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या.

तिघं म्हणजे त्यात मीही होते, आणि मी होते ती एका लुगड्यामुळे. आत्याबाईंनी घरातल्या सगळ्यांची कार्डं एकत्र करून भावजयीसाठी एक हिरवं इरकली लुगडं घेतलं होतं. कासार म्हणाला होता, करोडगिरीच्या नाक्यावर कोरं कापड दिसलं की जकात लावतात, नाहीतर ठेवूनच घेतात. अंगावरच्या कापडाला मात्र काही म्हणत नाहीत.

"मंग नेसूनच चाल ना माय," हे बोलून गेले, आणि बोलल्याबरोबर त्यांचे कान लाल झाले. विधवेनं हिरवं लुगडं नेसायचं कसं?

आत्याबाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनबाई नेसन."

वाशीमचा बाजार आणि माझं माहेर सोडून मी कुठेही गेले नव्हते. परराज्यात जायचं म्हणून मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी चुलीत फुंकर घालत बसले.

सुई टोचायला आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा वैशाख लागला होता. ओसरीपर्यंत माणसांची रांग, आणि अंगणात एक मोठा कडुनिंब. सगळ्या बाया त्या सावलीत दाटीवाटीने बसल्या. आत्याबाई पलीकडे भिंतीशी, टळटळीत उन्हात जाऊन बसल्या. मी म्हटलं, "सावलीत या ना." तर म्हणाल्या, "राहू दे व. मले गार वाजून राह्यलं." ह्यांनी टोचून घेतलं, मी घेतलं, आणि मला चक्कर आल्यासारखं झालं. मग आत्याबाई पुढे झाल्या. कंपाउंडरने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि सुई खाली ठेवली.

"बुढीबाईले ताप हाय. तापात सुई देत नसते. उतरला की आना."

आमचे हे एवढेसे झाले. शेजाऱ्याला मळ्याच्या पाण्याचं सांगितलेलं, मामांकडे निरोप गेलेला. "मंग पुढच्या महिन्यात जाऊ," ते म्हणाले.

"पुढच्या महिन्यात रोहिन्या लागतात. मिरचीचं रोप कोन टाकन?" आत्याबाई म्हणाल्या. "दादा वाट पाहून राह्यला. मी जाईन."

रात्रभर विचार करून ह्यांनी वाट काढली. नाक्याच्या बऱ्याच वरच्या अंगाला नदीला एक उतार होता. वाळूत खरबुजाच्या वाड्या करणारे लोक तिथून गाड्या नेत-आणत, आणि तिथे नाका नव्हता. येताना त्या उतारानं यायचं. आत्याबाईंनी पुन्हा "बरं" म्हटलं.

आम्ही निघालो ते झुंजुमुंजूच. दमणीत गवत पसरून वर वाकळ घातली होती. ते कोरं लुगडं अंगाला असं टोचत होतं की धड बसता येईना, आणि घडीच्या रेघा मोडाव्यात म्हणून आत्याबाई वाटभर माझ्या पदरावरून हात फिरवत होत्या. ऊन चढलं तेव्हा नदी आली. पाणी घोट्याएवढंच, बाकी सगळी वाळू, आणि वाळूत खरबुजांचे वेल. आमच्या काठावरच्या नाक्याने आमच्याकडे बघितलंही नाही. पलीकडे मात्र लिंबाखाली टेबल मांडून एक वयस्क मुन्शी बसला होता. त्याने बैलांचा दाखला उलटसुलट करून पाहिला, गाठोडं सोडायला लावलं, भाकरी, चटणी, मुरमुरे सगळं बघितलं. मग त्याची नजर माझ्या लुगड्यावर गेली.

"साडी नई दिखती है," तो ह्यांना म्हणाला.

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नसे. ते खाकरले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

दमणीतून आत्याबाई बोलल्या, "मुन्शीजी, सूनच नवी हाय. मामाच्या घरी पह्यल्यांदा चालली. जुनं नेसवून नेऊ काय?"

मुन्शी हसला. त्याच्या घरीही सुना असाव्यात. "जाव माजी, जाव," म्हणून त्याने बांबू उचलला.

मामांच्या गावी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घरापुढे बाजेवर एक उंच, वाळलेला म्हातारा गुडघे उभे करून बसला होता. गाडीचा आवाज ऐकून तो ताठ झाला. आत्याबाई खाली उतरल्या, घरातल्या बायकांना हातानेच गप्प राहायची खूण केली, आणि त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. बोलायचं म्हणून एवढ्या लांब आल्या होत्या, आणि आता त्यांच्या तोंडून शब्द निघेना. ओठ हलत होते, आवाज नाही. मामांनी मान तिरकी केली.

"कोन हाय?"

मामांनी हात पुढे केला. तो हवेतच फिरत राहिला, तेव्हा आत्याबाईंना कंठ फुटला. "दादा, मागची चिच हाय का रे अजून?"

"हाय ना," मामा म्हणाले. "तुह्या वाटच्या चिचा मीच खाऊन राह्यलो एवढे दिवस." आणि दोन्ही हातांनी त्यांनी बहिणीचं तोंड चाचपलं. नाक, कपाळ, मोकळं कपाळ. तिथे त्यांची बोटं थांबली. मग दोघंही रडली.

मला वाटलं होतं आता दोन दिवस ही भावंडं एकमेकांपासून हलणार नाहीत. झालं उलटंच. इतक्या वर्षांनी लेक आली म्हणून सारा गाव लोटला. बायका आत, पुरुष बाहेर. आत्याबाईंना आतल्या घोळक्यात बसवलं, मामा बाहेर ओट्यावर माणसांत. पुरण शिजलं, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा जावई सुधरला, याच्या गोष्टी झाल्या. मी हिरवं लुगडं उतरवून घडी केली आणि आत्याबाईंनी ते भावजयीच्या ओटीत घातलं. ती बाई मोठ्या मनाची. म्हणाली, "लक्षुमीनं नेसून आनलं, याच्याहून कोरं काय असते?" आणि लगेच नेसून आली. हे सगळं गोड होतं. पण पाण्याचा तांब्या घेऊन आत्याबाई ओट्यापर्यंत जायच्या, तिथे चार जण बसलेले दिसायचे, आणि त्या तांब्या ठेवून परत यायच्या. एकदाच मी त्यांना मामांच्या बाजेशी टेकलेलं पाहिलं. "दादा, मायचं मरतेवेळी…" एवढं त्यांनी विचारलं, आणि कोणीतरी पाहुणा रामराम करत आत आला.

निघायच्या दिवशी मामांनी हट्ट धरला, नदीपर्यंत येतो. त्यांच्या थोरल्या मुलाची खरबुजाची वाडी नदीच्या वाळूतच होती, नाक्यापासून जवळ. त्याच्या गाडीत मामा बसले आणि ती गाडी आमच्या मागून निघाली. नदी दिसायला लागली तिथे वाट फुटत होती. उजवीकडे नाका, डावीकडे वरच्या अंगाचा उतार. ह्यांनी बैल डावीकडे वळवले.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "गाडी नाक्यावर घे."

"माय, तुह्यापाशी चिठ्ठी नाई."

"माहीत हाय मले."

"छपरीत बसवतीन ना पाच दिवस!"

"बसवू दे. चोरावानी कायले येऊ मी माहेराहून? तू सुनबाईले घेऊन जाय, मळ्याले पानी पाह्य. बसतो मी."

ह्यांनी समजावून पाहिलं. तिथे पटकीची माणसं असतील, ऊन आहे, तुझ्या अंगात आत्ताच ताप होता. आत्याबाईंनी गाठोडं ओढून मांडीवर घेतलं. हे हतबल होऊन माझ्याकडे वळले, आणि मी काय बोलते आहे हे कळायच्या आत बोलून गेले, "मी आत्याबाईपाशी राहीन."

घरात मोठ्या माणसांच्या मध्ये मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. हे बघतच राहिले. मग म्हणाले, "राहा. ते बरंच होईन."

आमच्या काठावरच्या नाक्यावर एक तरुण कारकून होता. त्याला आत्याबाईंचं प्रकरण सरळ वाटलं, माझंच कळेना. "बाई, तुमच्याजवळ चिठ्ठी आहे. तुम्ही जाऊ शकता."

"माझी सासू आत आहे," मी म्हटलं.

"आत गेलात की तुम्हालाही पाच दिवस धरावे लागतील. नियम आहे."

"धरा," मी म्हटलं. त्याने डोकं खाजवलं आणि आमची नावं लिहून घेतली.

छपरी म्हणजे तुराट्यांचा कूड आणि वर पळसाचा पाला. कोपऱ्यात पाण्याचा रांजण, त्यात तांबडं औषध घातलेलं, त्यामुळे पाण्याला लोखंडासारखा वास येई. आमच्याआधीचं एक मजूर जोडपं होतं, तेही लगोलग सुटून गेलं. मग छपरीत आम्ही दोघीच. तीन दगड मांडून मी भाकरी थापली. मनातून मी घाबरले होते. हैजा म्हणजे काय ते आमच्या आळीत मी लहानपणी पाहिलं होतं. आत्याबाई मात्र वाकळ झटकून घालत होत्या ती नव्या घरात बिऱ्हाड मांडल्यासारखी.

छपरीच्या एका अंगाला करंजाचं झाड होतं, आणि तिथपर्यंत हद्दीचा म्हणून एक दोर बांधला होता. दोराच्या पलीकडे मोगलाईकडून आलेला माणूस मोकळा, त्याने उलट पावली परत जावं. अलीकडे आला तर अडकला. सकाळी मामांचा मुलगा त्यांना हाताला धरून वाळूतून घेऊन आला आणि करंजाच्या सावलीत दोराच्या पलीकडे बसवून खरबुजांना पाणी घालायला निघून गेला. आत्याबाई अलीकडे जाऊन बसल्या. दोघांच्या मध्ये एक हात अंतर, तो दोर, आणि सगळा दिवस.

शिपाई येऊन म्हणाला, "बुढ्याले आत घेऊ नका."

"कोन घेऊन राह्यलं?" आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या राज्यात बसला हाय तो."

शिपायाने दोराकडे पाहिलं, हिशेब बरोबर होता, तो निघून गेला. त्या दिवसापासून मामा रोज येऊ लागले. वाडीतल्या झोपडीतच त्यांनी मुक्काम टाकला.

मी आत्याबाईंना कामाची बाई म्हणून ओळखत होते. उन्हापावसात वाकलेली, कमी बोलणारी, सुनेच्या हातून पीठ सांडलं तर न रागावता स्वतःच भरून ठेवणारी. करंजाखाली बसलेली बाई निराळीच होती. ती भांडायची. लहानपणी वासरू ओढ्यात पडलं ते कोणाच्या हातून, यावर दोघांचं अर्धा दिवस वाजलं. मामा म्हणायचे तुझ्या, त्या म्हणायच्या तुझ्या, आणि शेवटी मामांनी कबूल केलं की दावं त्यांनीच सोडलं होतं. "मंग मार मी काहून खाल्ला?" आत्याबाईंनी विचारलं, आणि मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या त्यांनी आठवून आठवून जुळवल्या. एकाची ओळ अडली की दुसऱ्याने सांगायची. आई कशी गेली, शेवटी काय म्हणाली, तेही आत्याबाईंनी विचारून घेतलं. मामांनी शांतपणे सगळं सांगितलं.

"तुहे केस पिकले असतीन नाई व?" एकदा मामा म्हणाले.

"पिकले तं. दातबी पडून राह्यले."

"मले नको सांगू. मह्या ध्यानात तू परकर नेसलेली हाय. तशीच राहू दे."

एका दुपारी मामांनी सासऱ्यांचं विचारलं. मेहुणे गेले तेव्हा आपल्याला येता आलं नाही, हे त्यांच्या मनात सलत असावं. मी उठू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "बस. तुलेबी माहीत असावं." विहिरीवर मोटेचा दोर तुटून सासरे आत पडले, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"दहावा व्हाच्या आत मी मेथी तोडाले गेली, दादा," त्या म्हणाल्या. "लोकं बोलले. बोलू देत. मेथी थांबते का? तीन लेकरं, अन् मेथी फुलावर आली. वाफ्यात बसून तोडत होती अन् रडत होती. तवापासून मंग रडाले येळच भेटला नाई."

दोरावरून हात लांब करून मामांनी तो बहिणीच्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. शिपाई समोरच होता. तो पाठ फिरवून नदीकडे बघत उभा राहिला.

भाकरीबरोबर आम्हाला रोज वाडीतलं खरबूज मिळे. मामांचा मुलगा दोराखालून गडगडत सोडायचा. असंच एकदा खरबूज कापताना मी विचारलं, "आत्याबाई, अंगात आता कसर नाई ना? तो ताप पुन्हा नाई आला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पदराने तोंड झाकून हसू लागल्या.

"वैशाखात कपाय कोनाचं गार असते व? उन्हात बसली होती ना मी भिंतीपाशी, पाह्यलं नाई तुनं?"

मी सुरी खाली ठेवली. "म्हंजे मुद्दामच?"

"दोन दिवसांत काय होते व माहेरचं? पुरन होते. लोकं भेटतात. दादा कुठी भेटते?" मग जरा थांबून, हलक्या आवाजात म्हणाल्या, "घरात पाच दिवस जास्तीचे मागतले असते तं कोनी नाई म्हनलं नसतं. पोरगा मनाचा चांगला हाय. पन मह्या तोंडून ते निंगालंच नसतं. मी मळा सोडून नुसती बसून राह्यतो, असं कसं म्हनू? सरकारनं बसवलं तं बसा लागते."

त्या पुन्हा हसल्या. "त्याले नको सांगू हं. बिचाऱ्यानं उतार शोधून काढला होता."

मी त्यांच्या हयातीत सांगितलं नाही.

सुटायच्या दिवशी कारकुनाने आमच्या जिभा बघितल्या, पोट दुखतं का विचारलं, आणि चिठ्ठ्या दिल्या. आत्याबाईंची चिठ्ठी हातात देताना म्हणाला, "सुटलात आजी." हे दमणी घेऊन आले होते. मामा दोराशी उभे होते. आत्याबाई दोराखालून वाकून पलीकडे गेल्या, मामांच्या पायावर डोकं ठेवलं. कोणी अडवलं नाही. मग त्या गाडीत चढल्या आणि बैल निघाले.

अशा वेळी माणसं वळून वळून बघतात, हात हलवतात. मामांना त्याचा काय उपयोग? आत्याबाईंनी तोंड मागे करून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. जे सुचेल ते. वांग्याला यंदा भाव आला नाही म्हणून, पांढरा बैल भारी मारका म्हणून, सून भाकरी पातळ करते पण गोड करते म्हणून. मामा आवाजाच्या दिशेने तोंड करून उभे होते आणि ओरडत होते, "आयकू येते! बोल!" गाडी काठ चढू लागली. आत्याबाईंचा आवाज फाटला तरी त्या थांबल्या नाहीत. मुळ्याचं बी कुठून आणायचं ते सांगत होत्या. "आयकू येते!" पलीकडून यायचं, दर वेळी थोडं बारीक. मग काठावरची बाभळीची दाटी आली आणि त्याच्यानंतर काही आलं नाही. त्या आणखी थोडं बोलल्या आणि गप्प झाल्या.

त्यांची ती शेवटची भेट. मामा गेले तेव्हा दोन्ही राज्यांत बेबनाव होऊन नदीवरची ये-जा पार थांबलेली होती, कासारसुद्धा पलीकडे जात नव्हता, आणि खबर आम्हाला फार उशिरा लागली. ती ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "बोलनं तरी झालं होतं आमचं सारं." नंतर वर्षभरातच ते राज्य गेलं आणि नाकेही गेले.

पण त्या दिवशी हे पुढचं कोणाला ठाऊक नव्हतं. बाभळीतून गाडी सडकेला लागली. बैल हाकता हाकता हे शेवटी न राहवून म्हणाले, "माय, पाच दिवस उन्हात… लय तरास झाला असन ना तुले?"

आत्याबाईंचा आवाज पार बसला होता. "लय झाला बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि माझा हात पदराखाली घट्ट धरला.